सीमेपलीकडे नोंदलेले मृत्यू आणि बेळगावचा प्रौढ मृत्युदर: मुख्य निबंधकांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, कर्नाटक राज्य
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव जिल्हा

विषय: सीमाभागातील प्रौढ व्यक्तींच्या मृत्यूंची गणना राहत्या गावानुसार करण्याबाबत

महोदय,

खानापूर तालुक्यातील आमच्या गावातून गोव्यात कामाला गेलेला माझा एक चुलतभाऊ काही वर्षांपूर्वी तेथील एका रुग्णालयात वारला. वय चाळिशीच्या आसपास होते. त्याच रात्री रुग्णवाहिका करून आम्ही त्याला चोर्ला घाटातून, कणकुंबी-जांबोटीच्या रस्त्याने घरी आणले. सकाळी अंत्यविधी झाला, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाले आणि बाराव्याला सगळी भावकी जमली. त्याच्या मृत्यूची नोंद गोव्यात रीतसर झाली आणि दाखलाही वेळेत मिळाला. आमच्या गावच्या नोंदवहीत मात्र त्याचे नाव नाही, आणि कायद्याने ते असण्याचे कारणही नाही. २०११ च्या जनगणनेत तो आमच्या गावात मोजला गेला होता. म्हणजे कर्नाटकाच्या हिशेबात हा माणूस गावात होता, पुढे तो गावात दिसेनासा झाला, पण मेला मात्र नाही.

या पत्रात मला कोणाविरुद्ध तक्रार मांडायची नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा घटनास्थळाचा नियम पाळतो. मृत्यू जेथे घडला तेथील निबंधकाला तो २१ दिवसांत कळवायचा असतो. घरात घडला तर घरच्या प्रमुखाने आणि रुग्णालयात घडला तर तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने. एकाच मृत्यूची नोंद दोन ठिकाणी होऊ नये यासाठी हा नियम योग्यच आहे. धावत्या वाहनात मृत्यू आला तर वाहन जेथे पहिल्यांदा थांबेल तेथे नोंद करावी, असेही नियमांत आहे. मात्र मध्यरात्री घाट चढणारी गाडी पहिल्यांदा कोठे थांबली, हे नंतर ना चालकाला सांगता येते ना शेजारी बसलेल्या भावाला. असे ‘वाटेत गेलेले’ लोक बहुधा कोठेच नोंदले जात नाहीत.

प्रश्न नोंदीचा नसून तिच्यावरून निघणाऱ्या आकड्याचा आहे, आणि त्यासाठी आमच्या भागाचा भूगोल लक्षात घ्यावा लागतो. निपाणी आणि चिकोडीकडचा गंभीर रुग्ण कोल्हापूरला जातो. अथणी-कागवाडचा मिरजेला किंवा सांगलीला जातो. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांतला रुग्ण बेळगावला नाही गेला तर गोव्यातील बांबोळीला जातो. उलट दिशेने, कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याला बेळगाव हेच जवळचे मोठे शहर असल्यामुळे तेथील रुग्ण बेळगावच्या रुग्णालयांत दाखल होतात आणि त्यांतील काहींचा शेवट येथेच होतो. त्यामुळे बेळगाव शहराच्या नोंदवहीत शहरात कधीच न राहिलेल्या माणसांचे मृत्यू जमा होतात आणि निपाणी-कागवाडचे मृत्यू दुसऱ्या राज्याच्या खात्यात जातात. बेरीज-वजाबाकी आपोआप जुळत असेल असे मानायला काहीही आधार नाही, कारण जाणारे आणि येणारे यांची वये, आजार आणि आर्थिक स्थिती सारखी नाही.

प्रौढ मृत्युदर म्हणून जो आकडा जगभर वापरला जातो तो समजायला सोपा आहे: आज पंधरा वर्षांची असलेली व्यक्ती, सध्याचेच मृत्युमान पुढे चालू राहिल्यास, साठी गाठण्याआधी मरण्याची शक्यता किती. कमावत्या वयातील माणसे किती संख्येने जातात, कोणाच्या मागे लहान मुले राहतात, क्षयरोग, हृदयविकार, अपघात, दारू, सर्पदंश आणि बाळंतपण यांचा एकत्रित भार किती, हे सारे या एका आकड्यात येते. तरीही बालमृत्यूंच्या तुलनेत प्रौढ मृत्यूंची मोजणी फार अवघड असते आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे. मूल गेले तर सांगायला आई असते. तुम्हाला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, एवढ्या दोन प्रश्नांवरून बालमृत्युदर काढण्याची रीत नैरोबीच्या पूर्व आफ्रिका सांख्यिकी विभागात काम केलेल्या विल्यम ब्रास या स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने घालून दिली आणि आपल्या जनगणनेतही हे प्रश्न असतात. घरातला कर्ता गेला तर पुष्कळदा घरच मोडते. बायको माहेरी जाते, मुले मामाकडे जातात आणि घराला कुलूप लागते. गणक दारात येतो तेव्हा उत्तर द्यायला तेथे कोणी नसते.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील दहांपैकी चार मृत्यू नोंदलेच जात नाहीत आणि आफ्रिका विभागात तर दहांपैकी जेमतेम एक नोंदला जातो. म्हणूनच अपुऱ्या माहितीवरून प्रौढ मृत्युदर काढण्याच्या पद्धती गेल्या सत्तरएक वर्षांत विकसित होत गेल्या. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर या पद्धती हौसेने वाचल्या. त्यांत जादू नाही. प्रत्येक पद्धत काहीतरी गृहीत धरते आणि ते गृहीतक सीमेवर कोठे मोडते हे पाहावे लागते.

आपल्या देशात नोंदणीचे प्रमाण कसे ठरते, हे प्रथम पाहू. नागरी नोंदणीच्या अहवालानुसार २०१९ साली देशातील ९२ टक्के मृत्यूंची नोंद झाली. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र, मागील तीन वर्षांत घरात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्केच नोंदले गेल्याचे घरच्यांनी सांगितले. दोन सरकारी आकड्यांत वीस टक्क्यांचे अंतर पडावे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली. ती चूक नव्हती. पहिल्या आकड्यात अंश म्हणून नोंदलेले मृत्यू असतात आणि छेद म्हणून ‘अपेक्षित’ मृत्यू. ते अपेक्षित मृत्यू देशभरातील निवडक घटकांत जन्म-मृत्यू टिपणाऱ्या नमुना नोंदणी योजनेचा मृत्युदर आणि २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली लोकसंख्या यांच्या गुणाकारातून येतात. दुसरा आकडा घरातल्या माणसाच्या आठवणीवर उभा असतो आणि नोंद कोणी केली हे त्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. थोडक्यात, नोंदणी किती पूर्ण आहे हे सांगणारा आकडादेखील अंदाजच असतो. राज्याच्या पातळीवर तो शंभराच्या जवळ दिसला तरी त्यावरून निपाणी तालुक्याचे काहीच कळत नाही.

नमुना नोंदणी योजना ही देशाची अत्यंत मोलाची व्यवस्था आहे. १९६९-७० पासून ती देशभर चालते आणि आज सुमारे ८,८०० निवडक घटकांतील ऐंशी लाखांवर लोकांवर तिचे लक्ष असते. एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे पाहणी करतो आणि मग दोघांच्या याद्या ताडून पाहिल्या जातात. या कल्पनेमागे सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा १९४९ चा निबंध आहे. त्यासाठीचा प्रयोग त्यांनी कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात केला होता. जगाला ही पद्धत आपल्या देशातल्या खेड्यांवरून मिळाली, याचा शिक्षक म्हणून मला अभिमान वाटतो. मात्र योजनेचा नमुना राज्यासाठी आखलेला असल्यामुळे तिच्यातून जिल्ह्याचा मृत्युदर मिळत नाही. २०११ साली ४७,७९,६६१ लोकसंख्या असलेल्या बेळगाव जिल्ह्याला स्वतःचा प्रौढ मृत्युदर काढायचा असेल तर दुसरी वाट शोधावी लागेल.

चंद्रशेखरन-डेमिंग यांचे सूत्र आठवीच्या मुलालाही कळेल असे आहे. समजा, पंचायतीच्या वहीत वर्षाचे ८० मृत्यू आहेत आणि आशा कार्यकर्तीने घरोघर फिरून केलेल्या यादीत ७५ आहेत. दोन्ही याद्यांत सापडणारी नावे ६०. म्हणजे आशाताईंनी टिपलेल्या ७५ पैकी ६०, अर्थात ८० टक्के, वहीत आहेत; याचा अर्थ वही एकूण मृत्यूंपैकी ८० टक्के पकडते. वहीत ८० असतील तर एकूण मृत्यू १०० ठरतात. फक्त वहीत असलेले २०, फक्त यादीत असलेले १५, दोन्हींत असलेले ६०, आणि कोणालाच न सापडलेले ५. हे शेवटचे पाच जण कोण, ते सूत्र सांगत नाही; ते असले पाहिजेत एवढेच सांगते.

आता हेच सूत्र आमच्या भागात लावून पाहा. ताडणी नावावरून होते आणि सीमाभागात एका माणसाला एकच नाव नसते. मराठीत ज्ञानेश्वर, कन्नड उच्चारानुसार लिहिताना वेगळे वळण, आणि इंग्रजीत कोणी ‘डी’पासून सुरुवात करतो, कोणी ‘जे’पासून, तर कोणी ‘जी’पासून. संगणकाला हे तिघे वेगळे वाटतात. बाईचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. आडनाव कोठे शेवटी, कोठे आरंभी, तर कोठे वडिलांच्या नावाच्या आद्याक्षराखाली लपलेले. वर गावात त्या बाईला जन्मभर ‘अक्का’च म्हटलेले असल्याने शेजारीण यादीतही तेच लिहून देते. वरच्या उदाहरणात ६० पैकी फक्त ६ जोड्या केवळ अशा लिखाणामुळे जुळल्या नाहीत, तर जुळलेली नावे ५४ उरतात आणि एकूण मृत्यू १०० ऐवजी १११ निघतात. कोणी मेले नाही, तरी अकरा मृत्यू वाढले.

चूक उलट दिशेनेही होते. सूत्र दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. पंचायतीची वही पाहूनच आशाताईंनी यादी केली, किंवा दोन्ही ठिकाणी त्याच ठळक घरांची नावे आली, तर जुळणाऱ्या नावांची संख्या फुगते आणि एकूण मृत्यूंचा अंदाज खाली येतो. बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येणारी निधनवार्तांची सदरे, ज्यांत रक्षाविसर्जनाची वेळसुद्धा दिलेली असते, ही दुसरी यादी म्हणून मला आधी फार आकर्षक वाटली होती. नंतर लक्षात आले की ज्यांची निधनवार्ता छापून येते त्यांची नोंद पंचायतीत किंवा महापालिकेतही होतेच. त्यापेक्षा स्मशानभूमी, रुद्रभूमी आणि कब्रस्तान येथील नोंदवह्या उपयोगी पडतील, कारण तेथे माणूस मोठा आहे की लहान हे पाहून नोंद होत नाही. अशा वह्या सर्व ठिकाणी ठेवल्या जाव्यात आणि त्यांत मृताचे राहते गाव व वय लिहिले जावे, ही माझी पहिली विनंती आहे.

कोणाचे मृत्यू निसटतात, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. उताऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाचा मृत्यू नोंदला जातो, कारण वारसा लावायचा असतो. विमा असेल तर नोंद होते. तरुण विधवेला वेतन मिळवायचे असेल तर नोंद होते, भले उशिरा आणि खेपा घालून का होईना. ज्या म्हातारीच्या नावावर जमीन नाही, खाते नाही आणि जिचे नाव शिधापत्रिकेवरून काढण्याची कोणाला घाई नाही, तिचा मृत्यू कोणत्याच कामाचा नसतो. भीमगडच्या जंगलातील आमगाव-गवाळीसारख्या वस्त्यांत पावसाळ्यात रस्ता बंद असताना कोणी वारले तर २१ दिवस सहज उलटून जातात. पुढे तीस दिवसांनंतर लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागद (२०२३ च्या दुरुस्तीपूर्वी प्रतिज्ञापत्र), वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तेवढी पायपीट करण्याइतकी त्या दाखल्याची किंमत घरच्यांना वाटत नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटली नसती. त्यामुळे ‘नोंदणीचे प्रमाण सर्व प्रौढ वयांत सारखेच आहे’ हे सोयीचे गृहीतक स्त्रियांच्या बाबतीत तरी आंधळेपणाने वापरू नये.

हे गृहीतक ज्या पद्धतीचा कणा आहे ती म्हणजे ब्रास यांनी १९७५ मध्ये मांडलेली वृद्धी-संतुलन पद्धत. एखाद्या वयाच्या वरच्या सगळ्या लोकांचा एक गट धरला, तर त्या गटात दरवर्षी तो वाढदिवस गाठणारे लोक येतात आणि मृत्यू पावणारे बाहेर पडतात. दोहोंतील फरक म्हणजे गटाची वाढ. येणाऱ्यांचा दर आणि वाढीचा दर जनगणनेवरून कळतो, म्हणून जाणाऱ्यांचा दर किती असायला हवा हेही कळते. नोंदवहीतील मृत्यू त्याहून कमी पडत असतील तर ते किती पटीने कमी पडतात हे निरनिराळ्या वयांचे बिंदू आलेखावर मांडून काढलेल्या रेषेच्या चढावरून वाचता येते. केनेथ हिल यांनी १९८७ मध्ये याच पद्धतीला दोन जनगणनांचा आधार दिला आणि लोकसंख्येची वाढ सर्व वयांत एकसारखी असण्याची अट काढून टाकली.

पण गटातून माणसे मरून जातात तशी गाव सोडूनही जातात. खानापूरचा मुलगा गोव्याला, निपाणीचा इचलकरंजीला, आणि शिकलेला असेल तर पुण्याला. वीस ते चाळीस या वयांतील जे लोक जनगणनेत गावी दिसत नाहीत, त्यांना ही पद्धत ‘नोंद न झालेले मृत्यू’ समजते. नोंदणी प्रत्यक्षाहून वाईट ठरते आणि प्रौढ मृत्युदर प्रत्यक्षाहून जास्त निघतो. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोपच्या तलावातून किती पाणी वापरले गेले हे केवळ पातळी पाहून सांगणारा माणूस गळतीलाही वापरच समजेल, तसा हा प्रकार आहे. शिवाय शहरात आजारी पडलेला माणूस शेवटच्या दिवसांत गावी परततो, तेव्हा त्याचा मृत्यू गावच्या वहीत येतो, पण त्याची जगलेली वर्षे गावच्या छेदात नसतात.

या अडचणीवर काम झालेले आहे आणि तेही आपल्या शेजारी वावरलेल्या माणसाकडून. धारवाडच्या लोकसंख्या संशोधन केंद्रात अनेक वर्षे काम केलेले आणि पुढे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे संचालक झालेले पी. एन. मारी भट यांनी २००२ मध्ये वृद्धी-संतुलन पद्धतीची स्थलांतर होणाऱ्या लोकसंख्येसाठी फेरमांडणी केली आणि त्याच पद्धतीने नमुना नोंदणी योजनेच्या पूर्णतेचीही तपासणी केली. हे ज्ञान मांडणारा माणूस बेळगावहून दोन तासांच्या वाटेवर अनेक वर्षे काम करीत होता. ते वापरायला लागणारी एकच गोष्ट आपल्याकडे नाही: तालुक्यातून बाहेर गेलेल्यांची आणि बाहेर नोंदलेल्या मृत्यूंची वयवार संख्या.

येत्या जनगणनेने दोन जनगणनांवर आधारलेली ही पद्धत वापरण्याची संधी जवळ आणली आहे. २०११ ची जनगणना १ मार्च २०११ या संदर्भ तारखेची होती आणि पुढची १ मार्च २०२७ ची आहे. मधले अंतर सोळा वर्षांचे. दहा वर्षांच्या अंतरात पाच-पाच वर्षांचे वयोगट नीट सरकतात: २०-२४ चे लोक ३०-३४ मध्ये येतात. सोळा वर्षांत ते ३६-४० मध्ये जातात आणि छापील कोष्टकांतील कोणत्याच गटाशी जुळत नाहीत. त्यासाठी एकेका वर्षाच्या वयाची कोष्टके लागतील, आणि आपल्याकडे एकेका वर्षाचे वय म्हणजे ४०, ४५, ५०, ६० या आकड्यांवर पडलेले ढीग. वय विचारताना कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कितवीत होता, म्हणजे डिसेंबर १९६७, किंवा बहात्तरच्या दुष्काळात लग्न झाले होते का, असे विचारले तर आमच्याकडची माणसे अचूक उत्तर देतात. हे कानडी गणकाला मराठी घरात आणि मराठी गणकाला कानडी घरात विचारता यायला हवे. तालुक्यांचीही तीच गत: निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर आणि यरगट्टी हे तालुके २०११ च्या कोष्टकांत नाहीत. जुन्या सीमांनुसार गावनिहाय बेरीज करून दिली तरच तुलना होईल; हे काम कार्यालयातच झाले तर संशोधकांची वर्षे वाचतील.

जेथे नोंदवह्या अगदीच तोकड्या असतात तेथे आणखी एक साधी वाट आहे. तुमची आई हयात आहे का, वडील हयात आहेत का, असे प्रत्येकाला विचारायचे. तीस वर्षांच्या लोकांपैकी किती जणांची आई हयात आहे, यावरून स्त्रिया बाळंतपणाच्या वयापासून पुढची तीस वर्षे कितपत जगतात याचा अंदाज बांधता येतो. ब्रास आणि हिल यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली आणि आफ्रिकेतील अनेक देशांच्या जनगणनांत हे प्रश्न विचारले गेले. आमच्याकडील गळती हिच्यात आड येत नाही, कारण माणूस कोठेही मेला तरी त्याच्या मुलाला ते ठाऊक असते. सीमाभागासाठी ही पद्धत मला म्हणूनच विशेष मोलाची वाटते. तिची कमजोरी वेगळी आहे. आई लहानपणी गेलेले मूल मावशीने किंवा काकूने वाढवले तर ते तिलाच आई म्हणते आणि आई आहे असेच उत्तर देते. म्हणून प्रश्न ‘जन्म देणारी आई’ असा, प्रत्येक भाषेत न दुखावता, विचारावा लागतो. ज्यांना मूलच झाले नाही त्यांचा मृत्यू या हिशेबात येत नाही. आणि बेळगाव-बागलकोटकडे राज्याच्या इतर भागांपेक्षा एचआयव्हीचा प्रादुर्भाव जास्त राहिलेला असल्याने, जेथे आई आणि मूल दोघेही गेले तेथे सांगणारेच उरले नाही, हेही विसरता येणार नाही. तरीसुद्धा दोन प्रश्नांचा खर्च तो किती? जनगणनेच्या प्रश्नावलीत ते घालणे आपल्या हाती नाही, याची मला जाणीव आहे. राज्याच्या एखाद्या घरोघरच्या पाहणीत मात्र ते घालता येतील.

मृत्यूच्या कारणांबाबत थोडक्यात लिहितो. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. २००५ या वर्षासाठी, घरच्यांशी बोलून कारण ठरवण्याच्या पद्धतीने, देशात सर्पदंशाने सुमारे ४६,००० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. रुग्णालयांतून येणारे आकडे याच्या जवळपासही नव्हते. खानापूरच्या रानात भातकापणीला जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

कोरोनाच्या काळात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. देशात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२ लाखांवर गेले. २०२१ च्या अखेरपर्यंत कोरोनाचे अधिकृत मृत्यू सुमारे ४.८ लाख होते; जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला आणि केंद्र सरकारने तो अमान्य केला. नोंदी वाढल्या त्या मृत्यू वाढले म्हणून की नोंदणी सुधारली म्हणून, हा वाद नोंदणीच्या पूर्णतेचा विश्वासार्ह अंदाज हाती असता तर इतका चिघळला नसता. आमच्या भागात तर त्या दोन वर्षांत सीमेवर तपासणी नाके होते. कोण कोठे दाखल झाले आणि कोठे नोंदले गेले, याचा माग आज काढला नाही तर तो पुढे लागणार नाही.

आता मुख्य मागणी. मृत्यूच्या अहवालात मृताचा पत्ता आणि राहते गाव लिहिलेले असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय पातळीवर जन्म-मृत्यूंची एकत्रित माहिती ठेवण्याची तरतूद केली आहे. तेव्हा कोल्हापूर, सांगली आणि गोवा येथे नोंदलेल्या, पण राहते गाव बेळगाव जिल्ह्यातील असलेल्या मृत्यूंची वय, लिंग आणि तालुका यांनुसार बेरीज मिळवणे आता नव्या कायद्याचे काम उरलेले नाही, पत्रव्यवहाराचे आणि इच्छेचे आहे. तशीच बेरीज चंदगडसाठी आपण महाराष्ट्राला द्यावी. कारवारकडील गावांसाठी गोव्याशी आणि बिदरसाठी तेलंगणाशी हाच व्यवहार करता येईल. नावे देण्याची गरज नाही, संख्या पुरेशा आहेत. दोन राज्यांचा सीमेबद्दलचा वाद १९५६ पासून चालू आहे आणि मराठी माणूस म्हणून त्याबद्दल माझे मत आहे. ते येथे मांडत नाही. मृतांच्या संख्येची देवाणघेवाण केल्याने त्या वादात कोणाचीच बाजू खाली येत नाही.

दरवर्षी जिल्ह्याचे मृत्यू प्रसिद्ध करताना घटनास्थळानुसार आणि राहत्या गावानुसार अशी दोन कोष्टके शेजारी शेजारी द्यावीत. निपाणी, कागवाड आणि खानापूर या तीन तालुक्यांतील काही गावे निवडून एकदा दुहेरी नोंद पद्धतीने, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे दोन स्वतंत्र याद्या ताडून, पडताळणी करावी आणि नावे ताडणाऱ्या पथकात मराठी व कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणारी माणसे असावीत. मृत्यू कळवण्याच्या अर्जासोबतच्या सूचना मराठीतही छापाव्यात. ही शेवटची मागणी मी हक्क म्हणून करीत नाही, तो मुद्दा वेगळा आहे. राहते गाव या रकान्यात रुग्णालयाचा पत्ता लिहून देणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना रकाना वाचता आला नव्हता.

निवृत्तीनंतर आमच्या गावातील मृत्यूंची एक वही मी स्वतः ठेवतो. त्यात वय, राहते घर, मृत्यूचे ठिकाण आणि नोंद कोठे झाली, एवढेच असते. ती सरकारी नाही आणि तिला पुरावा म्हणून किंमत नाही, पण पडताळणीसाठी गाव निवडायचे असेल तर दुसरी यादी म्हणून ती वापरता येईल. पंचायतीची वही मी आजवर पाहिलेली नाही आणि ताडणी होईपर्यंत पाहणारही नाही. घरच्यांची संमती घेऊन मी ती कार्यालयात आणून द्यायला तयार आहे; कोणत्या दिवशी यावे ते कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव